पाळण्यात फक्त बाळ

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात उशी ठेवू नका. त्यावर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाल्या, सिस्टर या वेळी सगळी पानं तुम्हीच घ्या. काही जणी चिडल्यात, दोघा-तिघांनी पाळण्याचे फोटो पाठवलेत, आणि एका आजींनी तर मला चक्क झापलंय. बरंच आहे. नवजात बाळांच्या वॉर्डात माझी इतकी वर्षं गेली की झापून घ्यायची सवय आहे. पाळणा म्हणजे मी इथे क्रिब (गजांचा पाळणा), कॉट, बॅसिनेट (टोपलीसारखा छोटा पाळणा) असं बाळाचं स्वतःचं जे झोपायचं ठिकाण असेल ते धरतेय, नावावर अडू नका.

नमस्कार सिस्टर, माझं बाळ पुढच्या महिन्यात यायचंय. क्रिब लावून झालंय, नणंदेने त्याचा इतका गोड सेट दिलाय, चारी बाजूंना बांधायचे मऊ बंपर, छोटी उशी, रजई, दोन कापडी ससे, सगळं एका रंगात. तुमचं वाचून सगळं काढून ठेवलं तर आता ते एवढं भकास दिसतंय की हॉस्पिटलची कॉट वाटते. निदान बंपर तरी राहू देत का, गजांवर डोकं आपटेल ना त्याचं? – पहिलटकरीण

हॉस्पिटलची कॉट वाटते म्हणालीस ना, मग जमलं तुला! तशीच दिसायला हवी. कडक सपाट गादी, तिच्यावर घट्ट बसणारी एक चादर, आणि बाळ. बस. ससे कपाटावर बसवून खोलीकडे बघत ठेव, तिथून ते तेवढेच गोड दिसतात.

आता बंपरचं. तुझी डोकं आपटायची काळजी खरी आहे, पण जरा हिशोब करून बघ. बाळ स्वतःच्या जोरावर गजाला डोकं आपटून घेतं तेव्हा होऊन होऊन काय होईल, थोडं लाल होईल, रडेल, कधी हात-पाय गजांत अडकला तर ओरडेल आणि आपण उठून सोडवू. म्हणजे ही सगळी आवाज करणारी संकटं आहेत. बंपरचं संकट आवाज करत नाही. बाळ सरकत सरकत कडेला जातं, तोंड त्या मऊ कापडात रुततं, मान वळवून बाजूला व्हायची ताकद तान्ह्या बाळात पुरेशी नसते. नाक पूर्ण दाबलं गेलं पाहिजे असंही नाही बरं का, बाळाने सोडलेला श्वास त्या मऊ खळग्यात साठून राहतो आणि तीच वापरलेली हवा ते परत परत आत घेत राहतं, ऑक्सिजन कमी होत जातो, आणि मोठं माणूस अशा वेळी दचकून जागं होतं तशी जाग येण्याची यंत्रणा तान्ह्या बाळात अजून कच्ची असते. उशी, रजई, लोकरीचं आसन, मऊ खेळणं, सगळ्यांचा धोका याच जातीचा. शिवाय बंपरला बांधायचे बंद असतात ते गळ्याशी येऊ शकतात, आणि बाळ उभं राहायला लागलं की त्याच बंपरवर पाय देऊन ते कठड्यावरून बाहेर येतं.

अमेरिकेत २०२२ साली कायदा करून गादीसारखे भरलेले बंपर विकायलाच बंदी घातली, दुकानांत ते वर्षानुवर्षं बाळाच्या सामानात मिरवत होते. तेव्हा दुकानात मिळतं म्हणजे चांगलंच असणार हे डोक्यातून काढ. जाळीदार बंपर मिळतात, त्यांत हवा खेळते म्हणतात, पण गजांचं अंतर बरोबर असेल तर त्यांचीही गरजच काय हा माझा प्रश्न आहे.

नणंदेला काय सांगायचं हा मोठा प्रश्न दिसतोय तुझ्या मेसेजमध्ये, उघड लिहिला नाहीस तरी कळला. रजई जमिनीवर अंथर, बाळ जागं असताना त्याच्यावर पालथं घालून खेळव, फोटो काढ आणि नणंदेला पाठव. आणि थंडी वाटेल त्याचं म्हणशील तर पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते, स्लीप सॅक म्हणतात, ती गळ्याशी आणि काखेत नीट बसणारी घे, सैल नको, आणि वजन भरलेली तर मुळीच नको, ती अंग दाबून बाळाला शांत झोपवते म्हणून हल्ली विकतात पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांत तिला स्पष्ट नाही म्हटलंय.

सिस्टरबाई, मी चार मुलं वाढवली. चौघंही पालथी झोपायची, गाढ झोपायची. आता सून नातवाला उताणं टाकते, तो दचकून उठतो, दूध वर काढतो, ते घशात अडकलं म्हणजे? तुम्ही लोक दर दहा वर्षांनी नवीन काहीतरी काढता. – चिडलेली आजी

आजी, राग मान्य. आणि तुमचं एक निरीक्षण अगदी खरं आहे, पालथं बाळ गाढ झोपतं. घोळ नेमका तिथेच आहे! ते इतकं गाढ झोपतं की श्वास कमी पडला तरी जाग येत नाही. तुमचा नातू दचकतो, अर्ध्या झोपेत हातपाय उडवतो, ते दचकणं म्हणजे त्याची राखणच समजा.

तुम्ही मुलं वाढवलीत तेव्हा डॉक्टरच पालथं झोपवा म्हणायचे, त्यामुळे तुमची चूक काहीच नव्हती, कारण तेव्हाचं शास्त्र तेच होतं. मग काही देशांत असं लक्षात यायला लागलं की धडधाकट बाळं रात्री झोपतात आणि सकाळी उठत नाहीत, आणि त्यांतली बरीचशी पालथी सापडतात. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून बाळांना पालथं झोपवू नका असं सांगायला लागले, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये १९९१ ला मोहिमा निघाल्या, अमेरिकेत १९९२ ला सल्ला आला आणि १९९४ पासून मोठी मोहीम चालली. नवीन औषध नाही, मशीन नाही, फक्त बाळाला उताणं ठेवा एवढंच सांगितलं आणि अमेरिकेत असे अचानक झोपेतले मृत्यू, ज्यांना सिड्स म्हणतात, ते निम्म्याहून जास्त कमी झाले. मी एवढ्या वर्षांत भारी भारी यंत्रं येताना पाहिली पण इतक्या फुकटात एवढा फरक पाडणारं दुसरं काही चटकन आठवत नाही.

दूध अडकायचं म्हणता, तर ही भीती सगळ्यांनाच असते, मलाही शिकत असताना होती. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. म्हणजे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढ चढावा लागेल, ते आपलं खाली घरंगळतं आणि बाळ गिळून टाकतं किंवा ओठातून बाहेर येतं. पालथं केलं की हीच रचना उलटी होते, श्वासनलिका खाली येते. म्हणजे आपल्याला जे सुरक्षित वाटतं तेच उलट पडतं. कुशीवर ठेवलं तर? कुशीवरचं बाळ टिकत नाही, कलंडतं, आणि बहुतेक वेळा पालथ्या बाजूलाच कलंडतं.

दूध जास्त काढतो म्हणून डोक्याकडून गादी उचलून खाली काही ठेवायचं सुचवणारे भेटतील, ते करू नका. त्याने दूध वर यायचं थांबत नाही, बाळ मात्र घसरत पायथ्याशी जाऊन हनुवटी छातीला टेकवून मुटकुळं होऊन पडतं आणि तसं झालं की श्वासाची वाट दबते. बाळाला उतारावर झोपवायचे तिरक्या पाठीचे तयार बिछाने, स्लीपर म्हणतात, ते मिळायचे, दहा अंशांपेक्षा जास्त उताराचे, तेही अमेरिकेने बंपरच्याच कायद्यात बंद केले. दूध पाजल्यावर थोडा वेळ उभं खांद्यावर धरा, ढेकर काढा, ते काम तुमच्याइतकं छान सुनेला जमत नसणार, ते तुमच्याकडे घ्या. दूध काढून वजन वाढत नसेल, हिरवं काढत असेल किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर मात्र डॉक्टर.

डोकं मागून चपटं होईल अशी अजून एक तक्रार दोघींनी लिहिलीय, तीही इथेच उरकते. होतं थोडं, खरंय. रोज झोपवताना डोक्याची दिशा बदला, एक दिवस पाळण्याच्या या टोकाला एक दिवस त्या टोकाला, आणि जागेपणी आपल्या डोळ्यांसमोर पालथं घालत जा, सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटं. म्हणजे आजी, तुमचं पालथं घालणं रद्द नाही झालेलं, फक्त झोपेतून काढून खेळात टाकलंय.

सिस्टर, आतेभावाकडून त्याच्या मुलांचं क्रिब मिळतंय, लाकूड एकदम दणकट आहे, फक्त दोन स्क्रू नाहीत आणि एका बाजूचा कठडा वरखाली होतो. नवीन घ्यायलाच पाहिजे का? फोटो सोबत. – होणारा बाबा

फोटो मोठा करून बघितला. त्यात आतेभावाचा मुलगा दिसतोय आणि त्याचे दोन्ही पाय गजांच्या बाहेर आहेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पाळण्याच्या बाहेर दिसले तर मला घाम फुटतो!

गजांमधलं अंतर सगळ्यात आधी मोज, टेप घेऊन. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. लोकांना वाटतं डोकं गजांत जाईल म्हणून हे माप आहे, पण होतं असं की बाळाचे पाय आधी जातात, मग कंबर निसटते, मग छाती, आणि डोकं मात्र अडकतं आणि बाळ मानेवर लटकतं. म्हणून माप डोक्याचं नाही, बाळाच्या बारीक कमरेचं आहे. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा नेहमीचा जाड कॅन गजांतून घालून बघ, गेला तर क्रिब नको. हल्ली उंच बारीक कॅन येतात ते चालणार नाहीत, ते चांगल्या क्रिबमधूनही जातात आणि तू उगाच घाबरशील. सगळीकडे मोज, मधल्या गजांना हाताने दाबून मोज, कारण जुना गज सैल झालेला असतो आणि नुसतं बघून तो शहाण्यासारखा सरळ उभा असतो.

वरखाली होणारा कठडा म्हणजे ड्रॉप साइड. माझं मत विचारशील तर इथेच विषय संपला. तो कठडा ज्या प्लास्टिकच्या किंवा धातूच्या खिट्ट्यांवर सरकतो त्या झिजतात, तुटतात, कोणीतरी तारेने बांधून काम भागवतं, मग एक कोपरा गादीपासून सुटून बाहेरच्या बाजूला कलतो, गादी आणि कठड्याच्या मध्ये फट तयार होते आणि बाळ त्या फटीत घसरतं. अशी बाळं गेली, म्हणून जून २०११ पासून अमेरिकेत असले क्रिब बनवायला आणि विकायलाच मनाई आहे. वापरायला सोयीचं होतं हे खरं, वाकावं लागत नाही, बाळंतिणीच्या पाठीला बरं. पण पाठीसाठी दुसरा उपाय आहे, बाळ लहान असताना गादीचा तळ क्रिबच्या वरच्या खाचेत बसवायचा.

दोन स्क्रू नाहीत हे तू 'फक्त' लावून लिहिलंस. बाबा रे, क्रिब म्हणजे स्क्रूच! हार्डवेअरच्या दुकानातून जवळपासच्या मापाचा स्क्रू आणून पिळला की तो लाकडात धरल्यासारखा वाटतो आणि बाळ धरून हिंदकळायला लागलं की महिन्याभरात सैल होतो. कंपनीचेच भाग मिळत असतील तर ठीक, नाहीतर नको. बाकी तुला नवीन घेतानाही बघायचंय ते सांगते. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटं आरामात जात असतील तर ती गादी त्या क्रिबची नाही. गादी तळहाताने दाबून हात उचल, खळगा राहिला तर मऊ आहे, आपल्याला ती कडक लागेल पण बाळाला कडकच लागते. कोपऱ्यांचे खांब वर बोंडासारखे आलेले नकोत, कठड्याच्या बरोबरीला हवेत, नाहीतर कपडे अडकतात आणि उभं राहिलेलं बाळ त्याच कपड्याला लटकतं. डोक्याकडच्या फळीत नक्षीची भोकं नकोत. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि दात येताना बाळ कठडा कुरतडतंच, तुमचा कुत्रा परवडला, म्हणून जुना रंग सोलवटलेला असेल तर नकोच. दहा वर्षांपेक्षा जुनं क्रिब मी तरी कोणाला घे म्हणत नाही.

आणि परवडत नसेल तर संकोच नको, मोठं क्रिब हवंच असं कुठे आहे, साधं छोटं बॅसिनेट किंवा घडीचं पोर्टेबल कॉटही चालतं, तळ सपाट, गादी त्याच्यासोबत आलेलीच, वरून दुसरी मऊ गादी टाकायची नाही. बॅसिनेट मात्र बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की बंद करायचं.

रात्री तीनला पाजताना मी सोफ्यावर बसते आणि माझा डोळा लागतो. दोनदा झालंय. जाग आली तेव्हा बाळ माझ्या आणि सोफ्याच्या पाठीच्या मध्ये होतं. मी कोणाला सांगितलं नाही. – नाव नको

बरं झालं सांगितलंस. हा मेसेज मी सगळ्यात आधी उत्तर द्यायला घेतला होता.

आधी हे ऐक, तू निष्काळजी नाहीस, तू महिनोन्महिने तुकड्या-तुकड्यांत झोपणारी बाई आहेस आणि झोप येणं हे इच्छेवर नसतं. म्हणून 'मी जागी राहीन' हा निश्चय करू नकोस, तो मोडणारच आहे. जागा बदल. सोफा आणि आरामखुर्ची ह्या बाळासोबत डोळा लागायच्या सगळ्यात धोक्याच्या जागा आहेत, कारण बाळ उशा आणि पाठीच्या फटीत घसरतं आणि तुझ्या अंगाखाली दबतं. त्यापेक्षा पलंगावर बसून पाज, बाळाच्या आसपासची उशी, पांघरूण बाजूला सारून, भिंतीची फट बघून. पलंग पूर्ण सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही, बाळाची स्वतःची वेगळी जागाच उत्तम, पण डोळा लागणारच असेल तर सोफ्यापेक्षा तो बरा, आणि जाग आली की लगेच बाळ उचलून त्याच्या पाळण्यात, मग घड्याळात कितीही वाजलेले असू देत.

पाळणा तुझ्या पलंगाला अगदी लागून ठेव, हात पोचेल असा. तुमच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने, कारण झोपेतले असे अचानक मृत्यू एक ते चार महिन्यांत सगळ्यात जास्त होतात आणि सहा महिन्यांनंतर फार कमी. जवळ असलं की उचलणं-ठेवणं सोपं जातं आणि तू परत ठेवतेस. खोली वेगळी असेल तर तीनला कोण चालत जाणार, आपण सोफ्यावरच टेकतो.

नवऱ्याला उठव. गंमत नाही करत. पाजायला त्याचा उपयोग नसला तरी पाजून झाल्यावर बाळ घ्यायला आणि पाळण्यात ठेवायला आहे. तो किंवा तू सिगारेट ओढत असाल, दारू घेतली असेल, झोप आणणारं औषध चालू असेल, बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं किंवा चार महिन्यांच्या आतलं असेल, तर बाळाला पलंगावर सोबत झोपवणं फार जास्त धोक्याचं आहे, इथे मी जरासुद्धा सूट देणार नाही. सिगारेट बाहेर जाऊन ओढतो असं सांगणारे बाबा खूप भेटतात, धूर बाहेर राहतो पण कपड्याला चिकटून घरात येतोच. आणि तुला दिवसाही रडू येत असेल, नुसतं दमलेपण नसून काहीच नकोसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. तेही खूप जणींना होतं आणि त्याला उपचार आहेत.

बाळाच्या पायात घालायचा मॉनिटर घेतलाय, श्वास आणि ठोके मोबाइलवर दिसतात. मग पालथं झोपवलं तर चालेल ना? – गॅजेटवाला बाबा

नाही.

थोडं जास्त लिहिते नाहीतर उद्धट वाटेल. घरगुती मॉनिटरने असे मृत्यू टळतात असं सिद्ध झालेलं नाही. खोटा अलार्म होतो, मग आई रात्रभर मोबाइल बघत बसते. आवडत असेल तर लाव, पण त्याच्या भरवशावर एकही नियम सैल करायचा नाही, आणि मॉनिटरच्या वायरी पाळण्यापासून निदान ९० सेंटिमीटर लांब, तसंच खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्या. पाळणा खिडकीखाली ठेवूच नका. वॉर्डात आम्ही दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना कधी पालथं ठेवतो हे तुम्ही लोक फोटोत बघता आणि मला विचारता, पण तिथे मशीन लावलेलं असतं आणि समोर जागी नर्स असते, आणि घरी सोडायच्या बऱ्याच आधीपासून आम्ही त्यांना उताणं झोपायची सवय लावतो.

लेक पाच महिन्यांची झाली. उताणी ठेवते, दोन मिनिटांत पालथी! रात्रभर मी तिला उलटी करत बसते. अजून दुपट्यात गुंडाळते म्हणजे पलटी मारणार नाही. खेळण्यांचं झुंबरही लावलंय वर. – झोपेची भुकेली

दुपटं आज बंद. आत्ता. पलटायची खटपट दिसायला लागली, अगदी दोन महिन्यांतही दिसते काहींची, की गुंडाळणं थांबवायचं, कारण पालथं पडलेलं बाळ हात टेकून डोकं उचलतं आणि तू तिचे हातच बांधून ठेवलेस. पलटू नये म्हणून बांधायचं हे तर अगदीच उलटं झालं. पहिले तीन-चार दिवस ती हात उडवून स्वतःलाच उठवेल, तू मला मनात शिव्या देशील, मग दोघी झोपाल. स्लीप सॅकमध्ये हात मोकळे राहतात, ती घे.

आणि रात्रभर उलटं करणंही बंद. दोन्हीकडे स्वतःहून पलटता येत असेल तर झोपवताना उताणं ठेवायचं, वर्ष होईपर्यंत दर वेळी, दुपारच्या डुलकीलासुद्धा, मग पुढे ती तिची तिची काय ती मुद्रा घेईल ती घेऊ दे. एकाच बाजूला पलटता येत असेल तर दिसेल तेव्हा हळूच उताणी कर. पाळणा रिकामा ठेवायचं महत्त्व नेमकं आता सगळ्यात जास्त आहे, कारण आता ती फिरून फिरून नाक कुठेही नेऊ शकते. कडेला उशा लावून किंवा पोझिशनर, म्हणजे बाळाला जागेवर धरणारे तयार तक्के, लावून तिला जागेवर धरून ठेवायला जाऊ नकोस.

झुंबर काढ. पाच महिने झाले किंवा हातगुडघ्यांवर यायला लागली, जे आधी होईल ते, की वर लटकणारं सगळं काढायचं, ती ते ओढणार आणि दोऱ्या गळ्यात येणार. बसायला लागेल त्याच्या आधी गादी एक खाच खाली, धरून उभी राहायच्या आधी सगळ्यात खालच्या खाचेला. आयाबाया नेहमी एक आठवडा उशीर करतात, मीही माझ्या मुलाच्या वेळी केला होता, सकाळी बघते तर साहेब कठड्याला धरून उभे, कमरेपर्यंत बाहेर झुकलेले, आणि मला बघून हसतायत. तेवढ्यात पकडला म्हणून ठीक. आणि उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास गेली किंवा उभी असताना कठडा छातीच्या खाली यायला लागला की क्रिबला रामराम करायचा.

छोटे छोटे प्रश्न सात-आठ जणांनी विचारलेत, ते मी एकत्रच घेतलेत.

किती कपडे घालायचे? आपल्याला जेवढ्यात बरं वाटतं त्याच्यापेक्षा फार तर एक थर जास्त. हात-पाय गार लागतात त्यावरून ठरवू नका, ते गारच असतात, मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा, घामट किंवा तापलेलं लागलं तर एक थर काढा. घरात झोपताना टोपी नको, बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं आणि टोपी घसरून नाकावरही येते. पंखा, एसी चालतो, थेट तोंडावर झोत नको.

मच्छरदाणी चालेल, पण ताणून बसवलेली आणि पाळण्याच्या बाहेरून, आत लोंबणारी नको. बाळाने तिला हात लावून ओढता येत असेल तर ती लोंबतेय असं समजा.

चोखणी झोपताना दिली तर चालते, उलट तिच्याने धोका कमी होतो असं दिसलंय, अंगावरचं दूध नीट सुरू झाल्यावर द्या, झोपेत पडली तर परत तोंडात कोंबू नका, आणि दोरीने गळ्यात किंवा कपड्याला बांधून झोपवू नका. अंगावरचं दूधही या बाबतीत बाळाच्या बाजूनेच काम करतं, पण जिला जमत नाही तिने हे वाचून अजून एक अपराध डोक्यावर घेऊ नये.

दात येताना गळ्यात मण्यांची माळ घालतात ती झोपेत तर नकोच, जागेपणीही नको.

जुळी एकाच क्रिबमध्ये? नको, दोन जागा. फोटोत एकमेकांना बिलगलेली छान दिसतात, फोटो काढा आणि वेगळी करा.

गाडीतल्या कार सीटमध्ये झोपलं तर? गाडी चालू असेपर्यंत ती जागा बरोबरच आहे, पट्टे नीट लावून. घरी पोचल्यावर मात्र 'झोपलाय, राहू दे' म्हणून सीटसकट घरात आणून तासन्‌तास ठेवतात ते नको, मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते. उचललं की जागं होणार हे मला माहितीय हो. होऊ दे.

शेवटचा, एका मावशींचा: भाचीच्या घरी गेले, तिच्या बाळाच्या पाळण्यात चार उशा, भला मोठा टेडी. बोलले तर तिला राग आला. आता मी काय करू?

मावशी, बोलू नका, बाळ मागा. 'दे मी झोपवते' म्हणायचं, टेडी उचलून खुर्चीत बसवायचा, उशा पलंगावर टाकायच्या, बाळ उताणं ठेवायचं आणि भाचीला म्हणायचं जा तू चहा घे. ती चहा घेऊन येईल तेव्हा पाळणा मोकळा असेल आणि बाळ झोपलेलं. विचारलं तर तेव्हा सांगा का ते, दोन वाक्यांत, आणि हे पान फोटो काढून पाठवा तिला, माझ्यावर चिडू दे.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना बाळाचं वय लिहा हो, निम्मे लोक लिहित नाहीत आणि मग मी फोटोतल्या दातांवरून ओळखत बसते.